नोकरी सांभाळून संगीत संयोजनाची कामं : सुरुवात कशी करावी, पैसे किती सांगावेत?

पांढरी_चार (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी सातपूरला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. हार्मोनियममध्ये विशारद झालोय, कीबोर्ड कॉलेजपासून वाजवतो, पूर्वी इथल्या एका ऑर्केस्ट्रात होतो पण लग्नानंतर रात्रीचे प्रोग्रॅम बंद केले. गेल्या वर्षी एका मित्राच्या बालनाट्याचं संगीत केलं, ती गाणी ऐकून एका काकांनी त्यांची भावगीतं संयोजनाला दिली. चाल त्यांची, कविता त्यांच्या बहिणीच्या, बाकी सगळं म्हणजे सुरुवातीचं म्युझिक, मधले पीस, कॉर्ड, तबला, साइड रिदम मी घरी लॅपटॉपवर प्रोग्रॅम करून दिलं आणि त्यांनी न मागता पाकीट हातात ठेवलं. आता त्यांच्या ओळखीतून अजून दोघं आलेत आणि दोघांचाही पहिला प्रश्न एकच, किती घेता?

घराचा हप्ता चालू आहे, मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल, त्यामुळे महिन्याला आठ-दहा हजार जास्तीचे आले तर घरात खरंच फरक पडेल. नोकरी सोडायचा विचार अजिबात नाही. मला विचारायचंय ते असं की दर कसा ठरवतात, अशी कामं नियमित कुठून मिळतात, घरी किती सामान लागतं (माझ्याकडे रोलँडचा एक्सपीएस-१०, एक बरा लॅपटॉप आणि हेडफोन आहे), ऑफिसला सांगावं लागतं का, आणि कोणी जुनं गाणं नवीन म्युझिकमध्ये करून मागितलं तर ते करायला कायद्याने अडचण आहे का. ज्यांनी प्रत्यक्ष हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

कोपर_पूर्व (डोंबिवली)

मी विमा कंपनीत आहे आणि बरीच वर्षं नोकरीसोबत हेच करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

किती घ्यायचे याच्या आधी कशाचे घ्यायचे ते ठरवा, कारण 'संयोजन करून द्या' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गोष्ट असते. एकाला फक्त ट्रॅक हवा असतो ज्यावर तो हॉलमध्ये गाणार, दुसऱ्याला गाणं रेकॉर्ड करून, मिक्सिंग-मास्टरिंग करून यूट्यूबला टाकायच्या अवस्थेत हवं असतं, आणि तिसरा समजत असतो की गायिकाही तुम्हीच आणणार. मी पहिल्या फोननंतर व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवतो, त्यात सगळं लिहिलेलं असतं. गाण्याची लांबी, अंतरे किती, प्रत्येक अंतऱ्याआधी वेगळा पीस की एकच रिपीट, लाइव्ह वादक कोणते, गायन कुठल्या स्टुडिओत, मिक्सिंग कोण करणार, आणि बदल किती वेळा. समोरून 'ओके' आल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. हा एक मेसेज माझी अर्धी भांडणं वाचवतो.

दराचं म्हणाल तर पूर्ण प्रोग्रॅम केलेल्या एका गाण्याचे मी सध्या आठ ते दहा हजार सांगतो, त्यात दोनदा बदल धरलेले. तिसऱ्या बदलापासून तासाचे वेगळे पैसे. वादक, स्टुडिओ, मिक्सिंग यांचे पैसे माझ्या आकड्यात नसतात, ते गाणं करून घेणारा थेट देतो. नुसता ट्रॅक असेल, चाल आणि पीस सगळं आधीच ठरलेलं असेल, तर तीन-साडेतीन हजारांतही करतो. निम्मे पैसे सुरुवातीला, उरलेले आले की शेवटची वेव्ह फाइल. तोपर्यंत ऐकायला एमपीथ्री पाठवायची, तीही मध्येच एक टोन टाकून, म्हणजे ती तशीच वापरता येत नाही. नाशिकला तुम्ही सुरुवातीला पाच-सहा हजार सांगायला हरकत नाही पण फुकट किंवा 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' असं म्हणू नका, कारण पुढचा माणूस तोच आकडा ऐकून येतो.

आता खरा वेळ कुठे जातो ते सांगतो, म्हणजे तुमच्या संध्याकाळी वाचतील. वेळ खातात ते बदल, आणि त्यातला सगळ्यात महाग बदल पट्टीचा, म्हणजे गाणं पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून गायचं त्याचा. संगीतकार स्वतः काळी एकमध्ये (पेटीचा पहिला काळा सूर) गुणगुणून चाल पाठवतो, तुम्ही त्यात सगळं बसवता, आणि मग कळतं गाणारी बाई आहे आणि तिला काळी चार लागते. लोकांना वाटतं बटण दाबलं की पट्टी बदलते. प्रोग्रॅम केलेल्या नोटा वर सरकतात हो, पण बासरीचा जो पीस काळी एकमध्ये गोड वाटत होता तो इतका वर गेला की शिट्टीसारखा टोचतो, आणि तोच खाली उतरवून घेतला तर गाण्याच्या ओळीत घुसतो. उलट बाईचं गाणं पुरुषाला दिलं तरी तेच. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार पांढरी पाचची असते, तुमचा पीस जवळपास त्या सुरावर येऊन थांबत असेल आणि तुम्ही पट्टी उतरवली तर तो सूर व्हायोलिनवर राहतच नाही. म्हणजे पीस नव्याने लिहायचा. म्हणून माझा नियम असा की जो गाणार त्याच्याच आवाजात, तंबोरा आणि मेट्रोनोमवर, मुखडा आणि सगळ्यात वर जाणारा अंतरा मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायचा. तो आल्याशिवाय एक कॉर्डसुद्धा टाकायची नाही. अंतऱ्यात गायक ताणतोय असं वाटलं तर तेव्हाच फोन करायचा.

कामं कुठून मिळतात? मोठ्या गायकांकडून मिळतात हा समज काढून टाका. माझी बहुतेक कामं येतात ती निवृत्त झालेल्या कवींकडून, ज्यांना आपल्या कविता एकदा गाणं होऊन ऐकायच्या असतात, आणि हे लोक मनापासून पैसे देतात, वेळेवर देतात, दुसऱ्या कवीला घेऊन येतात. मग नाटकाचे हौशी ग्रुप, राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी त्यांची घाई असते. भजनी मंडळं, संस्थांची गीतं, शाळांची गौरवगीतं, सोसायटीच्या गणपतीचं गाणं, बिल्डरची जिंगल. निवडणुकीच्या वेळी प्रचारगीतं येतात, त्यात पैसे चांगले आणि रोख ॲडव्हान्स, पण सगळं दोन रात्रीत हवं असतं, आणि सरकारी नोकरीत असाल तर त्या वाटेला जाऊच नका. गणपतीच्या आधीचे दोन महिने आणि दिवाळी ते जानेवारी हे भरगच्च असतात, मार्च ते मे शांत. त्यामुळे 'महिन्याला आठ-दहा हजार' असा हिशोब धरू नका, वर्षाचा धरा.

सामानाचं, तुमच्याकडे आहे त्यात सुरुवात होते. एक साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचं यंत्र) आणि एक बरा माइक घ्या. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी रीपर बघा, घरून काम करणाऱ्यांना त्याचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं आणि आधी ६० दिवस वापरून बघता येतं. क्रॅक केलेलं काही वापरू नका, उद्या कोणत्या कंपनीचं काम आलं तर सॅम्पल (वाद्यांचे तयार आवाज) कुठले आणि लायसन्स आहे का हे विचारतात.

ताशा_आणि_मी (कोल्हापूर)

कोपर पूर्व यांनी छान लिहिलंय, एका गोष्टीवर मात्र माझं मत पूर्ण वेगळं आहे म्हणून लिहितोय. मी ढोलकी, तबला, पखवाज वाजवतो, दिवसा एका पतसंस्थेत नोकरी. 'पूर्ण प्रोग्रॅम केलेलं गाणं' हे पॅकेज म्हणून विकणं मला पटत नाही. पांढरी चार, तुम्ही हार्मोनियमचे माणूस आहात, तुम्हाला माहितीये ठेक्याचं वजन काय असतं. भावगीतातला केरवा (आठ मात्रांचा ठेका) लूपवर, म्हणजे तोच तुकडा परत परत वाजवून चालतो पण गायक जिथे ओळ किंचित मागे ओढतो तिथे तबला त्याच्यासोबत मागे येत नाही, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण गाणं कोरडं वाटतं. लावणी, गवळण, पोवाडा यात तर लूपची ढोलकी लगेच कळते. चाटीचा आवाज प्रत्येक वेळी सेम.

खर्चाची भीती वाटते लोकांना, पण हिशोब बघा. आमच्याकडे एक तालवादक एका सिटिंगला दोन-अडीच हजारांत येतो, तयारीचा असेल तर त्या सिटिंगमध्ये दोन गाण्यांचा रिदम होतो. म्हणजे गाण्यामागे हजार-बाराशे. ग्राहकाला पहिल्या मेसेजमध्येच दोन आकडे द्या, लाइव्ह रिदमचा आणि प्रोग्रॅमचा, आणि दोन्हीचा नमुना ऐकवा. बहुतेक जण लाइव्ह घेतात. यात तुमचाच फायदा आहे कारण तबला प्रोग्रॅम करत बसायच्या दोन संध्याकाळी वाचल्या, आणि तो वादक पुढे तुम्हाला कामं आणून देतो. माझ्याकडे गायक विचारतात की संयोजनाला कोणी आहे का, मी त्याचंच नाव सांगतो जो मला क्लिक ट्रॅक (लयीची टकटक) नीट देतो, कुठे तोड आहे, कुठे तिहाई (तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा) हवी ते कागदावर लिहून देतो आणि सिटिंग संपली की पैसे त्याच वेळी देतो. वादकाचे पैसे ग्राहकाच्या पैशाला बांधू नका. 'त्यांचे आले की देतो' असं ज्या ज्या लोकांनी म्हटलं त्यांच्याकडे मी नंतर गेलो नाही.

अजून एक, आजकाल लोक एआयवर बनवलेलं गाणं घेऊन येतात की असंच करून द्या. घाबरू नका त्याला. तिथे पट्टी बदलून, दुसरा पीस काढून, सनईच्या जागी सुंदरी (सनईसारखंच छोटं वाद्य) टाकून द्या म्हटलं की बऱ्याचदा गाडी अडते, आणि तिथेच आपलं काम चालू होतं.

कोपर_पूर्व

@ताशा_आणि_मी मान्य, लाइव्ह रिदमसारखं काही नाही आणि ढोलकीच्या गाण्याला तर मीही वादकच बोलावतो. पण डोंबिवली-ठाण्याकडे सिटिंगचा आकडा वेगळा आहे, शिवाय स्टुडिओचे तास वेगळे, आणि निवृत्त शिक्षकाला एका गाण्याला वीस हजार सांगायला जीव होत नाही. त्याला ट्रॅकवर गायलेलं गाणं मिळालं तरी तो आनंदात असतो. दोन आकडे द्यायची कल्पना मात्र आवडली, ते मी करेन.

फळा_खडू (सातारा)

मी शाळेत शिक्षिका आहे, गॅदरिंग आणि समूहगान स्पर्धेचं माझ्याकडे असतं, म्हणून गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहिते. पांढरी चार दादा, शाळांकडे पैसे कमी असतात पण काम दरवर्षी असतं आणि ते ठरलेल्या तारखेला असतं, त्यामुळे तुमच्यासारख्या नोकरदाराला आधीच वेळ ठरवता येईल. आम्हाला काय हवं असतं ते सांगते. समूहगीताचा ट्रॅक मुलांच्या पट्टीत. बाजारातले कराओके मोठ्या माणसांच्या पट्टीत असतात, पाचवी-सहावीच्या मुलांना खालचे सूर लागत नाहीत, मग ती ओरडतात नाहीतर गप्प बसतात. मग सुरुवातीला चार मात्रा मोजलेल्या हव्यात, म्हणजे पंचाहत्तर मुलं एकदम सुरू करतील. मधले पीस लहान हवेत, लांब पीस असला की मुलं एकमेकांशी बोलायला लागतात. आणि एकाच ट्रॅकच्या दोन फाइल, एक पेटीवर चाल वाजवलेली सरावासाठी आणि एक चाल काढलेली स्पर्धेसाठी. हे चार मुद्दे जो न सांगता करून देतो त्याला आम्ही सोडत नाही, आणि आमच्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर त्याचा नंबर फिरतो.

जून-जुलैमध्ये शाळांना भेटा. डिसेंबरमध्ये आम्हाला बोलायला वेळ नसतो.

साळ_नदी (मडगाव)

हांव गोंयचो, मराठीत लिहितो, चूक झाली तर समजून घ्या.

इथे सगळे ट्रॅकबद्दल बोलताहेत पण लिहून देण्याचं काम कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. मी सरकारी खात्यात कारकून आहे आणि चर्चच्या क्वायरसाठी (गायकवृंदासाठी), तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) बँडसाठी आणि लग्नाच्या ब्रास बँडसाठी नोटेशन लिहितो. आमच्याकडे जुन्या काळापासून पॅरिश स्कूलमध्ये (चर्चच्या शाळेत) सोल्फा (पाश्चात्य सरगम) शिकवत, त्यामुळे वादकाला कागद लागतोच. हिंदी सिनेमाला जे संयोजक मिळाले ते याच कारणाने, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, हे लोक संगीतकाराची चाल ऐकून पन्नास वादकांचे भाग लिहून देत. तुम्ही मराठीत अनिल मोहिले यांचं नाव ऐकलं असेलच, तेही याच कामातलं मोठं नाव.

हे काम रात्री करता येतं, आवाज होत नाही, स्टुडिओ लागत नाही. म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. पण वाद्यं माहीत पाहिजेत. उदाहरण देतो. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटचे, आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, म्हणजे त्यांच्या कागदावर लिहिलेला सूर प्रत्यक्ष वाजणाऱ्या सुरापेक्षा वेगळा असतो. तुमच्या काळी एकचं (डी फ्लॅट) गाणं ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर ई फ्लॅट होतं आणि आल्टोवाल्याच्या कागदावर बी फ्लॅट, दोघेही डोळे मिटून वाजवतात. तेच गाणं गायकाच्या हट्टाने पांढरी दोन (डी) केलं की ट्रम्पेटला चार शार्प (चढे सूर) आणि आल्टोला पाच शार्प येतात. चांगला वादक वाजवेल, पण गावच्या बँडमधल्या पोराचा सूर घसरणार आणि लोक म्हणणार संयोजन वाईट. म्हणून मी गायकाला आधीच विचारतो, अर्धा सूर खाली चालेल का? दहातले आठ वेळा चालतं.

श्वासाचं पण बघा. कीबोर्डवर वाजवलेली ट्रम्पेटची ओळ कितीही लांब असू शकते, माणसाला श्वास घ्यायला जागा द्यावी लागते. आणि तियात्रात कांतार (गाणं) चालू असताना गायकाचे शब्द ऐकू आले पाहिजेत, कारण लोक शब्दांवर टाळ्या देतात, म्हणून ब्रास फक्त ओळींच्या मधल्या फटीत. मराठी नाट्यगीताला पण हेच लागू आहे असं मला वाटतं.

पैसे मी पानावर नाही, भागावर घेतो. चार आवाजांच्या क्वायरचा एक रेट, सहा वाद्यांच्या बँडचा वेगळा. ख्रिसमसच्या आधी आणि लग्नांच्या सीझनला काम भरपूर. आणि कागदावर तळाशी स्वतःचं नाव घाला, 'संयोजन' म्हणून. यूट्यूबवर गाणं जाणार असेल तर डिस्क्रिप्शनमध्ये नाव येईल हे आधी ठरवा. जुन्या रेकॉर्डवर या लोकांची नावं क्वचितच छापली गेली आणि आज त्यांचं काम ओळखायला माणसं शोधावी लागतात. मला याचं खूप वाईट वाटतं.

कलम१३ (पुणे)

जुन्या गाण्यांच्या हक्कांबद्दल कोणी लिहिलं नाही, मी वकिली करते आणि या क्षेत्रातली कामं बघते म्हणून सांगते, तुमच्या विशिष्ट प्रकरणात मात्र कागद दाखवूनच सल्ला घ्या.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचं 'रूपांतर' म्हणजे काय हे दिलंय आणि त्यात त्या रचनेचं संयोजन स्पष्ट शब्दांत येतं. रूपांतर करायचा हक्क मूळ हक्कधारकाचा. म्हणजे हक्क जिवंत असलेल्या गाण्याला नवं म्युझिक लावून रेकॉर्ड करायचं आणि बाहेर टाकायचं तर परवानगी लागते. 'कव्हर'ची, म्हणजे आधी आलेलं गाणं दुसऱ्याने पुन्हा रेकॉर्ड करायची, कायद्यातली सोय आहे, आत्ताच्या रूपात ती २०१२ च्या दुरुस्तीत आली, पण तिच्या अटी लोक वाचत नाहीत. मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, आधी कळवून रॉयल्टी भरायची, तीही वर्षाला किमान ५० हजार प्रतींची, आणि रेकॉर्ड करण्यासाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचे सोडून मूळ रचनेत बदल करायचे नाहीत. तुमच्या 'नव्या ढंगात' करायच्या गाण्याला ही सोय पुरत नाही. आणि यूट्यूबने गाणं काढलं नाही, फक्त क्लेम (हक्काचा दावा) लावला, याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही.

दुसरीकडे, कार्यक्रमात सादर करणं ही वेगळी गोष्ट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ, शाळेत शिक्षक-विद्यार्थ्यांनी पालकांसमोर केलेलं सादरीकरण, प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळाने केलेलं सादरीकरण, यांना कायद्यात सूट आहे. तिकिटाच्या कार्यक्रमाचं लायसन्स आयोजकाने काढायचं असतं, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी वगैरेंकडून, ते तुमच्या डोक्यावर घेऊ नका आणि तुमच्या मेसेजमध्ये तसं लिहा.

मोकळं काय आहे तेही बघा, त्यात भरपूर काम आहे. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. संगीत मानापमान हे नाटक १९११ चं, पदं कृ. प्र. खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले, म्हणजे ते शब्द आणि त्या मूळ चाली २०१६ पासून सगळ्यांना खुल्या. संगीत स्वयंवर या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, ते १९२२ मध्येच गेले. पण एखाद्या पदाला नंतर कोणी वेगळी चाल लावली असेल तर तिचा हक्क वेगळा मोजायचा, आणि कोणाच्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलायचा नाही, रेकॉर्डिंगचा हक्क स्वतंत्र असतो. संतांच्या अभंगांचंही तसंच, शब्द खुले असतात, तुम्ही ऐकता ती चाल बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते.

आणि तुमचे काका-कवी यांच्यासाठी, मूळ चाल त्यांची, संयोजन तुमचं, पुढे गाणं कुठे विकलं किंवा जाहिरातीत गेलं तर तुम्हाला काही मिळणार की नाही, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. नात्यात असलं तरी.

हिशोबनीस

ऑफिस आणि टॅक्सचं मी थोडक्यात सांगतो, पांढरी चार स्वतः अकाउंट्सचे आहेत म्हणजे अर्धं माहीत असेलच. खाजगी कंपनीत सगळं अपॉइंटमेंट लेटरवर असतं. 'कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करणार नाही' अशी ओळ बऱ्याच लेटरमध्ये असते. असेल तर एचआरला साधा ईमेल करा, की ऑफिसच्या वेळेबाहेर संगीताचं काम करतो, कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही, आणि उत्तर जपून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल यातलं काहीही वापरू नका, काही लेटरमध्ये नोकरीत असताना तुम्ही जे बनवाल ते कंपनीचं अशी मोघम वाक्यं असतात. सरकारी नोकरांना केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत साहित्य-कलेचं प्रासंगिक काम करायची मुभा आहे, पण प्रासंगिक हा शब्द महत्त्वाचा, नियमित दुकान मांडलं की परवानगी हवी. साळ नदी आणि बाकीच्या सरकारी मंडळींनी आपापल्या राज्याचे नियम बघा.

टॅक्समध्ये हे उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं, त्यामुळे पगारदारांचा आयटीआर-१ (रिटर्नचा साधा फॉर्म) चालत नाही. संस्था किंवा कंपनीने वर्षात ५० हजारांच्या वर मानधन दिलं तर १० टक्के टीडीएस कापतात, तो आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतो, कापला नाही तरी उत्पन्न दाखवायचंच. इंटरफेस, माइक, सॉफ्टवेअर, वादकांचे पैसे यांची बिलं ठेवा, खर्च वजा होतो, लॅपटॉपवर ४० टक्के घसारा मिळतो, अर्थात कामासाठी जेवढा वापरता तेवढ्या प्रमाणात. निम्मं उत्पन्न सरसकट खर्च धरायची जी सवलत आहे ती ठरावीक व्यवसायांनाच आहे, सिनेमाच्या कामातले संगीत दिग्दर्शक त्यात येतात, भावगीतं आणि शाळांचे ट्रॅक त्यात बसवायच्या आधी सीएला विचारा. जीएसटीची नोंदणी सेवांना साधारण २० लाखांच्या वर, त्याचा आत्ता विचार नको. ॲडव्हान्स टॅक्सची कटकट नको असेल तर हे उत्पन्न ऑफिसला कळवून पगारातूनच जास्त टीडीएस कापून घेता येतो.

पांढरी_चार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लेटर काढून बघितलं, परवानगीची ओळ आहे, उद्याच ईमेल करतो. शाळांचं तर डोक्यातच आलं नव्हतं, इथे माझ्या मुलीच्या शाळेपासूनच सुरू करता येईल.

आता योगायोग बघा, कलम१३ ताईंनी मानापमानचं लिहिलं आणि आजच इथल्या एका संस्थेचा फोन आला. त्यांना दिवाळीच्या पहाटेच्या कार्यक्रमात मानापमानमधली पाच पदं हवीत, पेटी-तबल्यासोबत व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट आणि चेलो, सगळे लाइव्ह, दोन गायक, एक पुरुष एक बाई. मला फक्त संयोजन लिहून द्यायचंय आणि दोन तालमींना हजर राहायचंय. ट्रॅक नाही, रेकॉर्डिंग नाही. याचे किती सांगू? आणि नाट्यपदाला एवढी वाद्यं लावावीत का, हाही प्रश्न मनात आहे. पदाचा जीव गायकाच्या फिरतीत (आलाप-तानांत) असतो, तिला धक्का लागता कामा नये.

बे_एरिया_मंडळ

मध्येच लिहिते, आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळात गेल्या दिवाळीला आम्ही असंच केलं होतं, भारतातून एका संयोजकाने पदं लिहून पाठवली आणि इथल्या मुलांनी वाजवली, व्हायोलिन-चेलो वाजवणारी आपली मुलं इथे खूप आहेत, त्यांना सरगम वाचता येत नाही पण स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचं पाश्चात्य लेखन) येतं. त्यामुळे तुम्ही हे काम लिहून काढाल तर ते एकदाच विकलं जाईल असं समजू नका. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं) अधिवेशन दोन वर्षांनी असतं, त्याच्या आधी वर्षभर सगळी मंडळं अशा गोष्टी शोधत असतात. आम्हाला एकच अडचण येते, तालीम आमच्या रविवारी सकाळी असते तेव्हा तुमच्याकडे रात्र असते, आणि सोमवारी तुमचं ऑफिस.

साळ_नदी

पांढरी चार, भाग मोजा. चार वाद्यांचे भाग, गुणिले पाच पदं, म्हणजे वीस भाग, शिवाय एक स्कोअर (सगळे भाग एकत्र लिहिलेला कागद). मी असतो तर लिहिण्याचे पंधरा हजार आणि तालमींचे वेगळे सांगितले असते, प्रत्येक तालमीचे दीड-दोन हजार. तुम्ही नवीन आहात म्हणून लिहिण्यात थोडं कमी करा, तालमीत कमी करू नका, कारण तालमीत चारही वादक तुम्हाला प्रश्न विचारणार आणि कागदावर तिथल्या तिथे खोडाखोड होणार. क्लॅरिनेट आहे म्हणून दोन्ही गायकांची पट्टी आजच विचारून घ्या. आणि मंडळाच्या ताई म्हणतात तसं नंतर परत विकायचं असेल तर संस्थेच्या कागदावर लिहा की त्यांना एका कार्यक्रमापुरता वापर दिलाय.

कोपर_पूर्व

वाद्यं लावावीत का म्हणाल तर लावा, पण पदभर वाजवू नका. गायक मुखडा घेऊन आलाप-तानांना निघाला की फक्त पेटी-तबला, आणि चेलोने षड्ज किंवा पंचम (सा किंवा प) धरून ठेवायचा, हलायचं नाही. आलाप किती चालेल ते ठरलेलं नसतं, म्हणून तिथे कागदावर मात्रा मोजू नका, 'गायक समेवर आला की पुढे' एवढंच लिहा आणि व्हायोलिनवाल्याला गायकाचा चेहरा दिसेल असं बसवा. सुरुवातीचा पीस, दोन अंतऱ्यांच्या मधली जागा आणि शेवटची तिहाई, एवढ्यातच चौघांना काम द्या. कॉर्ड लावताना रागात वर्ज्य असलेला सूर चेलो किंवा क्लॅरिनेटच्या भागात शिरत नाही ना ते एकेक ओळ गाऊन तपासा, कीबोर्डवर हाताच्या सवयीने तो शिरतो आणि नाट्यसंगीताच्या श्रोत्यांच्या पहिल्या रांगेतली माणसं तो लगेच ओळखतात.

पहिली तालीम कार्यक्रमाच्या किमान दहा दिवस आधी मागा, दुसरी दोन दिवस आधी, आणि दोन्ही ऑफिस सुटल्यावर किंवा रविवारी हे आत्ताच सांगा. संस्था सगळं मान्य करतात फक्त आधी सांगितलेलं असलं पाहिजे. पदं कोणती पाच ते कळलं की इथे टाका, कोणत्या पदाला क्लॅरिनेट शोभेल ते ऐकून सांगतो.